कॅमेऱ्यासमोरचा उपदेश आणि अंगाला बसणारा सूट

कोरोनाच्या काळात अनेक ख्रिस्ती मंडळ्यांनी रविवारची उपासना मोबाइलवर थेट दाखवायला सुरुवात केली आणि उपदेशकाच्या पोशाखाकडे वेगळ्या नजरेने पाहणे भाग पडले. पुलपिटापासून, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठापासून, दहाव्या रांगेत बसलेल्या माणसाला कोटाची मानेपासून सुटलेली कॉलर दिसत नाही. पडद्यावर मात्र छातीच्या वरचाच भाग दिसतो आणि संदेश संपेपर्यंत तोच दिसत राहतो. माणूस बाहेरचे पाहतो पण परमेश्वर हृदय पाहतो, हे पहिल्या शमुवेलातील वचन (१६:७) या विषयावर मला हमखास ऐकवले जाते. वचन खरेच आहे. परंतु समोर पाहणारी माणसेच असतात आणि त्यांचे लक्ष कोटात अडकू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

कोल्हापुरात महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत कापड घ्यायला गेल्यावर दुकानदार आधी चमकदार सूटलेंथ उलगडतो, कारण लग्नाचे गिऱ्हाईक तेच मागते. आपण ते बाजूला सारावे. पॉलिएस्टरचे प्रमाण जास्त असलेले कापड एलईडी दिव्याखाली चकाकते, तर बारीक रेघा आणि लहान चौकडी यांची कॅमेऱ्याच्या सेन्सरवरील ठिपक्यांच्या जाळीशी गाठ पडून पडद्यावर लाटा हलल्यासारख्या दिसतात. अगदी काळ्या कोटात लॅपेल (छातीवर दुमडलेली पट्टी), खिसा, घडी सगळे एकाच डागात बुडते. म्हणून नेव्ही ब्लू किंवा गडद राखाडी रंगाचे, मंद पोताचे, हलके टेरीवूल (लोकर आणि पॉलिएस्टरचे मिश्र कापड) मला सर्वांत भरवशाचे वाटते. एप्रिल-मेमध्ये दिव्यांसमोर उभे राहायचे असेल तर पाठीला अर्धेच अस्तर लावून घ्यावे. आत पांढऱ्याशुभ्र शर्टाऐवजी फिकट निळा किंवा मोतिया शर्ट बरा, कारण शर्टाच्या झळाळीला आवरताना कॅमेरा आपला सावळा चेहरा आणखी काळवंडून टाकतो.

खरी कसोटी ट्रायलच्या दिवशी लागते. आरशासमोर हात खाली सोडून सावधान उभे राहिले की कोणताही कोट चांगलाच बसतो, पण उपदेश करताना असा कोण उभा राहतो? मी बायबल डाव्या तळहातावर उघडून धरतो, उजवा हात आशीर्वादासाठी उचलतो, पुढे झुकतो, खुर्चीत बसतो. आमचे शिंपी मास्तर तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणाले होते, ‘‘काय सर, कवायत लावलीय काय?’’ तरीही त्यांनी खडू घेऊन मुंढ्यापाशी, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईपाशी, खूण केली, कारण दोष नेमका तिथेच होता. हात मोकळा राहावा म्हणून मुंढा खोल कापावा असे आपल्याला वाटते. घडते ते उलटे. खोल मुंढ्याच्या कोटात हात वर केला की बाहीबरोबर सगळा कोट ओढला जातो आणि कॉलर कानाकडे चढते. मुंढा काखेच्या जवळ, उंच ठेवला तर हात उचलला जातो आणि कोट जागेवर राहतो. खांद्याची शिवण आपल्या खांद्याच्या हाडापाशीच संपली पाहिजे, हेही तेव्हाच पाहून घ्यावे, कारण बाही किंवा कंबर नंतर दुरुस्त होते, खांदा मात्र उसवून नीट करणे फार जिकिरीचे असते. कडेच्या शिवणीत भरपूर माया, म्हणजे आत दुमडलेले जादा कापड, ठेवायला सांगावे. नाताळ ते ईस्टर या काळात मंडळीतील घरोघरच्या पाहुणचाराने काय होते ते सांगायला नको.

कॉलर माईक लावत असाल तर त्याची बॅटरीची डबी ट्रायललाच कमरेला अडकवून जावे, कारण मागे पट्ट्यावर तिचा फुगवटा येतो आणि पाठीचे कापड तिथे ताणले जाते. माईकची चिमटी लॅपेलवर बसते, म्हणून लॅपेलमध्ये कॅनव्हासचे जाड कापड आतून घालून घ्यावे. नुसते पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटवलेले अस्तर) असले तर माईकच्या वजनाने ती कडा खाली लोळते. पँटसाठी फार डोके चालवू नये, ती पडद्यावर क्वचितच दिसते. बसून बोलायचे असेल तर कोटाचे बटण उघडावे आणि मागची कड अंगाखाली ओढून बसावे, म्हणजे खांद्यांवर फुगा येत नाही.

नाताळच्या संदेशासाठी नवा सूट हवा असेल तर कापड दसऱ्याच्या सुमारासच मास्तरांकडे पोहोचवावे, कारण तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि नवरदेवांच्या गर्दीत आपली दुसरी ट्रायल हमखास पुढे ढकलली जाते.