रात्री निघायचे की सकाळपर्यंत थांबायचे?

घरात कुत्रा किंवा मांजर असलेल्या मुंबईकराला रात्री पडणारा सर्वांत अवघड प्रश्न म्हणजे आत्ताच निघायचे की सकाळी नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना उघडेपर्यंत थांबायचे, हा होय. आमच्या सोसायटीतील प्राणी पाळणारी मंडळी अशा वेळी मला फोन करतात. मी पशुवैद्य नाही, त्यामुळे औषध सांगत नाही. श्वास कसा चालला आहे, हिरड्यांचा रंग काय आहे आणि लघवी शेवटची केव्हा झाली, एवढे मात्र आधी विचारते.

यांतला लघवीचा प्रश्न लोकांना सर्वांत बिनमहत्त्वाचा वाटतो आणि बोक्याच्या बाबतीत तोच सर्वांत महत्त्वाचा असतो. बोका पुन्हापुन्हा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो आणि बाहेर मात्र एखादा थेंब येतो किंवा काहीच येत नाही. अशा वेळी बद्धकोष्ठ झाले असावे असे समजून घरचे त्याला तूप चाटवत बसतात. वास्तविक बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो आणि त्यात बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकला की लघवी तुंबते, रक्तातील पोटॅशियम वाढते आणि हृदयाची लय बिघडू लागते. मार्ग पूर्ण बंद असेल तर एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतो, आणि तो नेमका केव्हापासून बंद आहे हे घरच्यांना बहुधा ठाऊक नसते, म्हणूनच येथे सकाळची वाट पाहणे मला मान्य नाही.

कुत्र्यांमध्ये तितकीच घाईची अवस्था म्हणजे पोटाला पडलेला पीळ. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याला सारखे उमासे येत असतील, उलटी मात्र पडत नसेल, पोट फुगून ताठ झाले असेल आणि तो एका जागी स्वस्थ बसू शकत नसेल, तर अपचनाचे औषध देऊन पाहण्यात वेळ घालवू नये. त्याला तातडीची शस्त्रक्रियाच लागते.

श्वासाचे गणित सोपे आहे. शांत झोपलेल्या निरोगी कुत्र्या-मांजराचे श्वास मिनिटाला साधारणतः 30 पेक्षा कमी असतात. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल किंवा हिरड्या पांढरट अथवा निळसर दिसत असतील, तर ताबडतोब निघावे. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांच्या खालच्या पापणीच्या आतील रंग पाहावा. आपल्या दमट हवेत धापा टाकूनही अंगातील उष्णता नीट बाहेर पडत नाही, त्यामुळे पग आणि बुलडॉग येथे लवकर उष्माघाताला बळी पडतात. अशा कुत्र्याला आधी नळाच्या पाण्याने भिजवून पंख्याखाली ठेवावे आणि मग दवाखान्याकडे न्यावे. बर्फ शोधत बसू नये.

विषबाधेत फसवणूक होते ती प्राणी ठणठणीत दिसतो म्हणून. रक्त गोठू न देणारे उंदरांचे औषध खाल्ल्यावर काही दिवस काहीच दिसत नाही आणि नंतर रक्तस्राव सुरू होतो. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा घातक ठरते, तसेच कुत्र्याच्या गोचिडांसाठी असलेले परमेथ्रिनयुक्त थेंबही. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. वेष्टन बरोबर घेऊन निघावे.

याउलट एकदाच उलटी झाली, पण नंतर खेळणे-खाणे नेहमीसारखे आहे, किंवा किंचित लंगडत असला तरी पाय टेकवतो आहे, तर पूर्ण वाढ झालेला प्राणी सकाळपर्यंत थांबू शकतो. लहान पिल्लांना ही सवलत नाही.

आता जायचे कुठे? महालक्ष्मी येथे 2024 मध्ये सुरू झालेल्या टाटा ट्रस्ट्सच्या लहान प्राण्यांच्या रुग्णालयात चोवीस तास तातडीची सेवा आहे. उपनगरांतही काही दवाखान्यांच्या पाटीवर ‘24 तास’ असते, परंतु रात्री डॉक्टर तेथे हजर असतात की फोन करून बोलावले जातात, ऑक्सिजन आणि शस्त्रक्रियेची सोय आहे की नाही, हे दिवसाच विचारून ठेवावे. निघण्यापूर्वी फोन करणे तर आवश्यकच आहे. रिक्षा वांद्रे-सायनच्या पुढे जात नाही, हे मध्यरात्री अंधेरीहून निघताना हमखास विसरले जाते. त्यासाठी ओळखीच्या टॅक्सीवाल्याचा क्रमांक जवळ असावा. मांजर टोपलीत किंवा पिशवीत असेल तर चालक सहसा कुरकुर करीत नाहीत, मोठ्या कुत्र्याचे मात्र आधीच सांगावे. वेदनेत मायाळू कुत्राही चावतो, म्हणून ओढणीने तोंड बांधता येते. मात्र उलट्या होत असतील किंवा श्वास लागला असेल तर बांधू नये.

झटके येत असतील तर तोंडात चमचा घालू नये आणि कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. आजूबाजूच्या वस्तू दूर कराव्यात, घड्याळ पाहावे आणि एकाने मोबाइलवर चित्रण करावे. झटका 5 मिनिटांहून अधिक टिकला किंवा लागोपाठ दुसरा आला तर लगेच निघावे. पोहोचेपर्यंत झटका थांबलेला असला, तरी ते चित्रण पाहून डॉक्टरांना बरेच काही कळते.