सात कंबाइन आणि दोन नंबरची मसूर

कॅनडात सस्कॅचेवान प्रांतात मी एका धान्य खरेदी कंपनीत काम करतो. शेतकऱ्याच्या मालाचा नमुना घ्यायचा, ओलावा मोजायचा, कचरा किती ते काढायचं आणि रंग-सुरकुत्या बघून ग्रेड लावायची. लाल मसुरीला चार ग्रेड असतात: एक, दोन, एक्स्ट्रा तीन आणि तीन. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कमाईवर असा एक आकडा लिहायचा, त्यामुळे या नोकरीत फार मित्र होत नाहीत.

2018 च्या ऑगस्टमध्ये एका शेतकरीणबाईंचा फोन आला. नवऱ्याला हृदयविकाराचा झटका आला होता, तो सास्काटूनच्या दवाखान्यात होता. मसुरीचे तीन क्वार्टर, म्हणजे 480 एकर, उभे होते. वाळलेल्या मसुरीवर पाऊस पडला की दाण्याचा रंग जातो, आणि एक सर आधीच येऊन गेली होती. बाई एवढंच म्हणाल्या, "शनिवारी काढतोय. तू नमुने घ्यायला ये." कोण काढणार, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यांची वस्ती रोझटाउनपासून पाऊण तासावर. सोळा-सतरा घरं, एक हॉल, दोन पट्ट्यांची कर्लिंग रिंक (बर्फावर दगड सरकवण्याच्या खेळाची जागा) आणि टपालाच्या पेट्यांची रांग. शाळा कधीच बंद पडली. आपल्यासारखं गावठाण या मुलखात नाहीच. 1872 च्या जमीन कायद्यानं 10 डॉलर फी भरून 160 एकर मिळायचे, पण अट अशी की त्याच जमिनीवर घर बांधून राहायचं. त्यामुळे शेजारी मैलभर लांब. रेल्वेच्या कडेनं दर आठ-दहा मैलांवर धान्याचे उंच लाकडी एलेव्हेटर, म्हणजे साठवून रेल्वेत भरायची कोठारं, उभे राहिले, कारण घोडागाडी दिवसात तेवढंच अंतर जाऊन परत येई. एलेव्हेटरच्या पायाशी अशा वस्त्या वाढल्या. 1930 च्या दशकात प्रेअरीत, म्हणजे या गवताळ मैदानी प्रांतांत, 5,700 हून जास्त एलेव्हेटर होते. 1995 मध्ये रेल्वेभाड्याची सवलत गेली, आडमार्गाचे रूळ आणखी उखडले गेले. या वस्तीत आता एलेव्हेटरचा फक्त काँक्रीटचा चौथरा आहे, त्यावर कोणीतरी होडी ठेवलेली असते.

शनिवारी दहाला पोचलो तर शेताच्या बांधावर कापणी-मळणीची सात कंबाइन यंत्रं दव सुकायची वाट बघत उभी. हिरवी, लाल, पिवळी. कंपन्यांवरून एरवी जोरात वाद घालणारी माणसं थर्मासमधली कॉफी पीत गप्पा मारत होती. आपल्याकडे इर्जिक घालतात तशीच ही, फक्त बैलांच्या जागी लाखो डॉलरांची यंत्रं, आणि प्रत्येकाचं स्वतःचं पीक घरी उभंच. ऑगस्टमधला कोरडा शनिवार देऊन टाकणं म्हणजे काय, हे शेती केलेल्याला सांगायला नको.

मसूर काढणं नाजूक काम. शेंगा जमिनीलगत, त्यामुळे हेडर, म्हणजे कंबाइनचा पुढचा कापणारा भाग, अगदी भुईला घासून चालवायचा. एक दगड आत गेला की तास-दोन तास गेले. म्हणूनच पेरणीनंतर जड रोलर फिरवून दगड मातीत दाबतात. भुसा इतका बारीक आणि कोरडा की इंजिनावर साचून पेट घेतो. कडेला पाण्याचा टँकर आणि आग लागलीच तर माती उलटायला डिस्क जोडलेला ट्रॅक्टर तयार होता. त्यावर ऐंशीच्या घरातले एक आजोबा, दिवसभर, नुसते बसून. आग लागली नाही. तरी माझ्या मते सगळ्यात अवघड काम त्यांचंच होतं.

मी धान्याच्या बिनपाशी (कोठीपाशी), माल वर चढवणाऱ्या ऑगरच्या धारेत ठरावीक वेळानं वाटी धरत होतो. प्रत्येक ट्रकवाल्याचा पहिला प्रश्न तोच: "दिल्लीत तुझं काही चालतं का रे?" भारतानं 2017 च्या डिसेंबरात मसुरीवर 30 टक्के आयातशुल्क लावलं होतं, भाव दोन वर्षांपूर्वीच्या निम्म्यावर आला होता, आणि आसपास भारतीय म्हणून सापडण्यासारखा मी एकटा. मी म्हणायचो, माझं घरातसुद्धा चालत नाही.

संध्याकाळी सातच्या सुमारास शेत संपलं. नमुने एकत्र केले, चाळले, ट्रेमध्ये पसरले. ओलावा ठीक, कचरा कमी, पण रंग उतरलेला, सुरकुत्याही दिसत होत्या. दोन नंबर. भोवती सहा-सात जण उभे. एकानं हलकेच म्हटलं, "एक आणि दोनमध्ये असा काय फरक असतो?" खरं तर मालही काठावरचाच होता. मी बाईंकडे पाहिलं.

"दोन दिसतोय तर दोन लिही," त्या म्हणाल्या. "माझा एक लिहिलास, तर पुढच्या आठवड्यात हे सगळे आपापला माल घेऊन तुझ्याकडे येतील. मग काय करशील?"

मी दोन लिहिलं. त्यांनी पावती घडी करून खिशात टाकली आणि रस्ता अडवून उभा केलेला ट्रक हलवायला कोणाला तरी ओरडल्या.

जेवण हॉलमध्ये. टर्की, बटाट्याचं सारण भरलेले पेरोगी, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, सास्काटून बेरीची गोड पाई. मसुरीचा एक दाणा नाही. पिकवतात, पण खात नाहीत. आभाराचं भाषण झालं नाही. पाई संपता संपता कुणीतरी कर्लिंग रिंकच्या छपराचा विषय काढला. पत्रा बदलायचा की हिवाळाभर डागडुजीवर काढायचा, पैसे कोण देणार. दिवसभर एकामागोमाग कंबाइन चालवलेले दोघे त्यावरून असे काही जुंपले की वस्तीच्या मंडळातल्या बाईंना टेबलावर चमचा आपटावा लागला. मी निघालो तेव्हा छपराचा निर्णय झालेला नव्हता.