बाबांचा सेन्सर आणि एनएफसी नसलेला नवा फोन

बाबांची शुगर रात्री एकदम खाली यायची, दोनदा तर आईने पहाटे साखरपाणी पाजलं, म्हणून डॉक्टर म्हणाले दंडाला सेन्सर लावूया. १४ दिवस चालतो, फोन जवळ नेला की ॲपमध्ये रीडिंग येतं, सारखी बोटाला सुई नको. मी लगेच हो म्हणलं.

बाबांना फोन तर १५ दिवसांपूर्वीच सेलमधून नवा घेतलेला, १०८ मेगापिक्सेल, ५००० एमएएच, मोठी स्क्रीन, सगळं बघून. ॲप टाकलं तर मेसेज आला की ह्या फोनमध्ये एनएफसी, म्हणजे फोन टेकवून सेन्सर वाचायची किंवा पैसे द्यायची सोय, नाही. मी रिव्ह्यूमध्ये आहे असं ऐकलं होतं, पण तो बाहेरच्या देशातला मॉडेल निघाला, नाव तेच, भारतात विकतात त्यात एनएफसी काढलेलं. आपल्याकडे भाजीवालीपासून सगळीकडे क्यूआर स्कॅन करूनच पैसे देतो ना, त्यामुळे स्वस्तातल्या फोनमध्ये कोणी ते मागत नसावं असं मला वाटतं. विकणाऱ्यांनी फोन परत घेतला नाही, फॉल्ट नाही म्हणे.

मग सेन्सर माझ्या फोनवर सुरू केला, आणि खरा त्रास तिथे झाला. आमचा सेन्सर ज्या फोनवर सुरू केला त्यावरच चालतो आणि सेन्सरमध्ये फक्त शेवटच्या ८ तासांचा डेटा राहतो. मी भांडुपहून सकाळी ७:४० ला निघते, घाटकोपरला मेट्रो पकडून अंधेरी, घरी यायला रात्रीचे ८. म्हणजे आल्यावर स्कॅन केलं की दुपारी १२ पासूनचं दिसायचं, सकाळचे चार तास कोरे, आणि नाश्त्याआधीचं इन्सुलिन काम करतं तीच ती वेळ! ऑफिसमध्ये बसून जीव नुसता टांगणीला.

शेवटी बाबांसाठी दुसरा फोन घ्यायचं ठरवलं, आणि ह्या वेळी उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी ॲपवाल्यांच्या साइटवरची चालणाऱ्या फोनची यादी काढली, त्यातले बजेटमधले तीन लिहून घेतले आणि शनिवारी बाबांना घेऊन दादरला गेले. आयफोनचा विचार केला होता, सेन्सर वाचला असता त्याने, पण किंमत झेपणारी नव्हती आणि बाबांचा हात अँड्रॉइडवर बसलेला. दुकानदार सारखा कॅमेराच दाखवत होता. मी डेमो फोनच्या सेटिंगमध्ये एनएफसी सर्च केलं, चालू करून माझं मेट्रोचं कार्ड पाठीवर टेकवलं, टुंग वाजलं, मग बाबांनाच दोनचारदा करायला लावलं, कारण ते वाचायची जागा प्रत्येक फोनला वेगळी असते, ह्याची वर कॅमेऱ्याजवळ आहे. जाड कव्हर घेतलं नाही.

घरी आल्यावर अजून एक, ॲपमधलं स्कॅनचं रिमाइंडर वाजेचना. बॅटरी वाचवायला फोन मागे चाललेलं ॲप बंद करत होता. बॅटरी सेटिंगमध्ये त्या ॲपवरची बंधनं काढली, ऑटोस्टार्ट चालू केलं, मग वाजायला लागलं.

दुसरा सेन्सर बाबांच्याच फोनवर सुरू केला. झोपताना आणि उठल्यावर ते स्वतः स्कॅन करतात, त्यामुळे रात्रीचा आलेख सलग मिळाला, तीनच्या सुमाराला ५८ पर्यंत खाली. डॉक्टरांनी तो बघून रात्रीचं इन्सुलिन कमी केलं. आधीचा फोन आई वापरते, तिचं व्हॉट्सॲप, लोकलच्या वेळा बघायचं एम-इंडिकेटर सगळं त्यावर मस्त चालतं.