दोघांत हॉटेलं पालथी घालताना: माटुंगा आणि दादर

मुंबईत दोघांनी मिळून हॉटेलं पालथी घालायची म्हटली की खरी अडचण पोटाची. एका ठिकाणी दोन डोसे, दोन वडे, दोन कॉफ्या झाल्या की बाकीचा परिसर पुढच्या खेपेवर गेला. म्हणून आमचा शिरस्ता असा: एका फेरीत एकच स्टेशन, तीन हॉटेलं, आणि प्रत्येक ठिकाणी दोघांत मिळून दोनच पदार्थ. याला माटुंग्याइतकी सोयीची जागा नाही. स्टेशनपासून किंग्ज सर्कलपर्यंतचं अंतर रमतगमत गेलं तरी अन्न जिरवण्यापुरतंच आहे.

मध्य रेल्वेवर माटुंग्याला फक्त धीम्या गाड्या थांबतात. जलद गाडीने आलात तर दादरला बदला. पश्चिम रेल्वेवाल्यांनी माटुंगा रोडला उतरून झेड ब्रिज या पादचारी पुलावरून पूर्वेला यायचं. वार मात्र बघून निघा. सोमवारी कॅफे मद्रास आणि रामा नायक ही दोन्ही हॉटेलं बंद असतात, मग फेरीला अर्थ उरत नाही. रविवारी सकाळी आठ ते अकरा सगळीकडे रांग. शक्य असेल तर शनिवारी सात वाजताच पोचा.

पहिला मुक्काम स्टेशनसमोरचं रामाश्रय. १९३९ सालचं हॉटेल, पहाटेच सुरू होतं. दिवसाचे खास पदार्थ फळ्यावर असतात आणि शिऱ्याचा स्वाद रोज बदलतो, त्यामुळे मेनू मागण्याआधी फळा वाचा. इथे इडली आणि शिरा, एकेक प्लेट. गोड आधी का, असं विचारतात. शिरा ताज्या घाण्याचा असतो तेव्हाच मऊ लागतो. दहानंतर तो घट्ट होतो आणि तुपाचा वास पुढे येतो.

दुसरा मुक्काम किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास, १९४० पासूनचं. दाराशी नाव द्यायचं आणि हाकेची वाट बघायची. इथे दोन माणसं असण्याचा खरा फायदा कळतो. "दोन आहोत, शेअरिंग चालेल" एवढं सांगितलं की चौघांच्या कुटुंबाआधी आत जाता येतं. अनोळखी लोकांसमोर बसायचं असल्याने निवांत गप्पांचा बेत इथे आखू नका. टेबलावर रेंगाळलेलं कुणालाच आवडत नाही.

ऑर्डर एकदम देऊ नये, हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत उपयोगी मुद्दा. एकदम दिलीत तर इडली, वडा, डोसा मिनिटभराच्या अंतराने येतात आणि तुम्ही इडली संपवेपर्यंत डोशाची कड लोळागोळा होते. आधी तूप-पोडी इडली (पोडी म्हणजे डाळ-मिरचीची कोरडी चटणी). ती अर्धी संपली की डोसा सांगायचा. तव्यावर एकाच जातीचे पाच-सहा डोसे एका वेळी पडतात, म्हणून शेजारच्या टेबलांवर ज्याची मागणी जोरात आहे तोच मागवला तर गरम आणि लवकर मिळतो. एकट्यासाठी वेगळा प्रकार सांगितलात तर पुढच्या खेपेपर्यंत थांबा. मेदूवडा घेणार असाल तर "सांबार वेगळं द्या" हे आधीच बोला, नाहीतर बुडवूनच येतो आणि वरचं कुरकुरीत आवरण गेलं समजा. उडपी सांबारात गूळ असतो. ज्याला गोड सांबार चालत नाही त्याने रसम वडा घ्यावा.

तिसऱ्या ठिकाणी फक्त फिल्टर कॉफी. एक कॉफी आणि एक रिकामा पेला मागितला तर बहुतेक ठिकाणी काही म्हणत नाहीत.

जेवणाची फेरी वेगळ्या दिवशी करावी. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचं, स्टेशनजवळच्या मंडईच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. आधी कूपन घ्यायचं, मग रांगेत बसायचं. केळीच्या पानावरचं पोटभर जेवण दोघांत एक चालत नाही, आणि ते रास्तच आहे. दोघांपैकी एकाची भूक कमी असेल तर त्याने मर्यादित ताट घ्यावं.

मासे खायचे तर दादर: गोमांतक, सिंधुदुर्ग, चैतन्य. गुरुवार-शनिवार पाळणाऱ्यांमुळे त्या दिवशी जागा पटकन मिळते, श्रावणात तर विचारायलाच नको. दोघांना दोन सुरमई थाळ्या म्हणजे एकच चव दोनदा. एक थाळी, एक तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, वर भाकऱ्या आणि एक जादा सोलकढी हे प्रमाण बसतं. मेनूत पापलेट किंवा खेकड्यापुढे दराऐवजी "एपीएस" असेल तर त्याचा अर्थ आकारानुसार दर. नग दाखवायला सांगा, अख्ख्याचा भाव विचारा, मगच होकार द्या. बिल आल्यावर घासाघीस करून काही मिळत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते. या दिवसांत ताज्या पापलेटाचा आग्रह धरण्यापेक्षा सुका बोंबील आणि जवळा मागवा, पावसात ते जास्त रंगतातही.

आता बिल. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के, म्हणजे केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने स्वतःच कर भरणाऱ्या, छोट्या हॉटेलांना गिऱ्हाईकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही. बिलावर तसा उल्लेख असतो, तो असूनही कर लावला असेल तर बोट ठेवून दाखवा. एसी विभागाचं दरपत्रक अनेक ठिकाणी निराळं असतं, तेव्हा बसण्याआधीच बघा. आणि सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसा नियम केला आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. कॅशियरला शांतपणे सांगितलं की बहुधा काढून देतात. नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. वेटरला टीप द्यायचीच असेल तर रोख, त्याच्याच हातात.