सोडलेल्या माशाचं शहाणपण

कार्प माशाच्या जबड्यात एकही दात नसतो. दात असतात ते पार आत, घशात, आणि तिथवर पोचायच्या आधी येईल त्या वस्तूची कसून झडती होते. तळाची माती, खडी, गोगलगायी, मक्याचे दाणे, सगळं एकदम आत ओढायचं, टाळूपाशी घोळवायचं, खाण्याजोगं ठेवायचं आणि उरलेलं फुंकून टाकायचं. हे काम इतक्या झटपट उरकतं, की काठावर गळ टाकून बसलेल्या माणसाला काही घडून गेल्याचा पत्ताही लागत नाही. तो बिचारा थर्मासमधला चहा ओतत असतो.

मी राहतो लंडनच्या पश्चिमेला, रेडिंगजवळ. या भागात रेती-खडीच्या जुन्या खाणी पाण्याने भरल्या आणि त्यांची तळी झाली. त्यातल्या एका तळ्याच्या काठाला, झाडाच्या सावलीत, पाणी जेमतेम गुडघाभर आणि एकदम नितळ आहे. पोलरॉइड चष्मा लावून तिथे पोटावर पडून राहिलं तर कार्प अगदी हातभर अंतरावर येऊन चरतो. मी मक्याचे मूठभर दाणे टाकले होते आणि त्यातल्या एका दाण्यात गळ होता. मासा आला, तोंड खाली केलं, ओठ लांब होऊन पुढे आले आणि दाणा नाहीसा झाला. कल्ल्यांतून गढूळ पाण्याचा लोट निघाला. मग दुसरा दाणा, तिसरा. एक खडा आत गेला तो तसाच बाहेर. माझा दाणाही आत गेला. माझ्या बोटांना तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, हललेला जाणवायच्या आत तो बाहेर येऊन पडला होता. मासा जरासा मागे सरकला, कल्ले हलवत थांबला आणि मग त्या एका दाण्याच्या आजूबाजूचे सगळे दाणे वेचून निघून गेला. ताटातली कारल्याची भाजी तेवढी वगळून जेवणारी मुलं आपल्याकडे असतात, पण इतकी सफाई त्यांनाही नाही.

या फुंकण्यावर तोड निघाली ती 1980 च्या सुमारास. केविन मॅडॉक्स आणि लेन मिडलटन या दोघा इंग्लिश गळवाल्यांनी आमिष गळात ओवायचंच सोडून दिलं. गळ उघडा ठेवायचा आणि त्याच्याखाली एका केसाला आमिष लोंबतं बांधायचं. सुरुवातीला यासाठी खरोखरच माणसाचा केस वापरत. म्हणून या जोडणीला आजही ‘हेअर रिग’ म्हणतात, केसाची जागा बारीक दोऱ्याने घेतली तरी. कार्प आमिष ओढतो, मागोमाग गळ तोंडात जातो. काहीतरी वेगळं लागतंय म्हणून तो फुंकतो, आमिष बाहेर पडतं आणि गळाचं टोक खालच्या ओठात रुततं. टोचल्याबरोबर तो दचकून पळतो आणि तंगुसाला अडकवलेलं सत्तर-ऐंशी ग्रॅमचं शिसं त्याच हिसक्याने गळ पक्का बसवतं. म्हणजे ज्या खोडीने तो इतकी वर्षं वाचत होता, तीच आता त्याला अडकवू लागली. मला ही कल्पना हुशारीची वाटते आणि थोडी नीचपणाचीही.

पवईला माझा मामेभाऊ कटल्यासाठी बसायचा, त्याची रीत आठवली. शेंगदाण्याच्या पेंडीचा मोठा गोळा दाबून करायचा आणि त्याच्या अंगाला चार-सहा बारीक गळ लावून ठेवायचे. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. पेंड पाण्यात भुरभुरू लागली की कटला ते पीठ पाण्याबरोबर ओढत राहतो आणि केव्हातरी एखादा गळही ओढतो. घासात गळ लपवण्यापेक्षा घासाशेजारी तो उघडा ठेवलेला बरा, हे पवईच्या काठावरही माहीत होतं. केसबिस कुणी उपटले नाहीत इतकंच.

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा सांगलीहून आले. बाबांचं लहानपण कृष्णेच्या काठावर गेलं. बांबूची काठी, तंगूस, कणकेचा गोळा आणि पाण्यावर मोरपिसाचा देठ, एवढी त्यांची सामग्री. त्यांना तळ्यावर नेलं, तर शेजारच्या आजोबांना नेमका नऊ किलोचा कार्प लागला. बाबांनी लांबूनच ओळखला. “हा तर सिप्रनस! आपल्या धरणात सोडतात तो.” पुढचा सोहळा मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. आजोबांनी जमिनीवर गादी अंथरली, ती पाण्याने भिजवली, मासा तिच्यावर अलगद ठेवला, गळ काढला, ओठावरच्या जखमेला जंतुनाशकाचे दोन थेंब लावले, वजन केलं, एक फोटो काढला आणि माशाला दोन्ही हातांनी पाण्यात धरून, तो आपणहून निघेपर्यंत थांबून सोडून दिला.

“औषध लावलं त्याला?” बाबा.

“हो.”

“आणि सोडला?”

“हो.”

“आजारी होता का?”

इथे बहुतेक तळ्यांवर कार्प परत सोडायचा नियमच आहे, हे मी समजावलं. गादी हवी, काट्याला उलटं टोक नसलेला गळ हवा, सरकारी परवाना तर हवाच आणि तीन काठ्या लावायच्या तर त्याचा परवाना वेगळा. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सोडायचाच होता तर बोलावला कशाला?” याला माझ्याकडे आजही चांगलं उत्तर नाही. पण त्यांचं पुढचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं. “आमच्याकडे मासा एकदाच चुकतो.”

इथल्या कार्पच्या संशयी स्वभावाचं मूळ मला त्या वाक्यात सापडलं. कृष्णेतल्या बाबांच्या माशांना शहाणं व्हायला वेळच मिळत नसे. गळाला लागला तो संध्याकाळी कालवणात. अनुभव भरपूर, पण तो सांभाळून ठेवायला मासा शिल्लक नाही. इथे प्रत्येक मासा अनुभव घेऊन तळ्यात परत जातो. आम्हीच त्याला शिकवतो, औषध लावून घरी पाठवतो आणि मग पुढच्या शनिवारी तो आमिषाला तोंड लावत नाही म्हणून कुरकुरतो. हॉलंडमध्ये एका जीवशास्त्रज्ञाने तळ्यांतल्या कार्पवर प्रयोग करून 1970 साली हे मांडलं. एकदा गळाला लागलेला कार्प न लागलेल्या कार्पपेक्षा पकडायला कितीतरी अवघड होतो आणि हा धडा वर्षभर टिकू शकतो. एकाच अनुभवात शिकणारा विद्यार्थी. मी नोकरीत असे फार पाहिले नाहीत.

पण मग बेन्सनचं काय करायचं? ही पीटरबरोजवळच्या तळ्यातली मादी कार्प. तिच्या पाठीवरच्या पराला सिगारेटने पोळावं तसं भोक होतं, म्हणून सिगारेटच्या ब्रँडवरून नाव बेन्सन. तिचं वजन 29 किलोपर्यंत गेलं आणि 2009 साली मेली तेव्हा ती एकंदर 63 वेळा पकडली गेल्याचं वर्तमानपत्रांनी छापलं. 63 वेळा! हॉलंडच्या प्रयोगाला काही अर्थ उरतो का? मला वाटतं, उरतो. तिला पकडायला वर्षानुवर्षं किती माणसं किती रात्री बसली असतील, ते कुणी मोजलेलं नाही. शिवाय खादाडपणा आणि सावधपणा एकाच अंगात सुखाने नांदू शकतात. मधुमेह झालेल्या माझ्या एका काकांना श्रीखंडाची सगळी माहिती होती, तरी ते खातच.

केंटमधला ‘टू टोन’ तिच्याही पुढचा. 2008 मध्ये तो 67 पौंड 14 औंसांचा, म्हणजे जवळपास 31 किलोंचा भरला आणि ब्रिटनचा विक्रम झाला. 2010 मध्ये तो मेला तेव्हा गळवाल्या मंडळींनी जमून त्याला काठावर पुरलं. आई हे ऐकून गप्प झाली. बाबांनी विचारलं, “31 किलो? पुरला?”

आमिषाकडे येतो, कारण घरात सगळ्यात जास्त वाद त्यावरून झाले. कार्पच्या मिशांवर आणि ओठांवर चवीच्या कळ्या असतात, त्यामुळे तो गोष्ट तोंडात घेण्याआधीच बरंच काही ओळखतो. 1970 च्या दशकात फ्रेड विल्टन या इंग्लिश गळवाल्याने भरपूर प्रथिनांच्या आमिषाचा विचार रुजवला आणि त्यातून उकडलेल्या गोळ्या आल्या, ‘बॉइली’. तयार विकत मिळतात, पण शेजारचे आजोबा घरी करतात आणि मीही करतो. साधं प्रमाण म्हणजे रवा आणि सोयाबीनचं पीठ निम्मं निम्मं, त्यात मावतील तेवढी अंडी. मळायचं, सुपारीएवढ्या गोळ्या वळायच्या, उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं ठेवून फडक्यावर वाळवायच्या. अंड्यामुळे वर कडक साल धरते आणि लहानसहान मासे कुरतडू शकत नाहीत. बाबांनी पहिल्याच घाण्यात माझ्या हातातली परात घेतली. लाडू वळल्याशिवाय दिवाळी गेलेली नाही, अशा माणसाचे ते हात.

वासासाठी आजोबा हिंग घालतात. ही इथली जुनी युक्ती आहे, मेथीही चालते. आजोबांचा हिंग मीच त्यांना भारतीय दुकानातून आणून देतो, त्याबरोबर काबुली चणेही. चणे रात्रभर भिजवून नीट शिजवलेले हवेत. बेन्सन मेली तेव्हा न शिजवलेल्या टायगर नट नावाच्या कंदांवर लोकांचा पहिला संशय गेला होता. कच्ची कडधान्यं पोटात फुगतात, हे आईला सांगायची गरज पडली नाही. तिचा आक्षेप वेगळाच होता. “हिंग-अंड्याचं ते पातेलं आता तुझ्या माशांचंच. परत माझ्या ओट्यावर दिसता कामा नये.”

पण हिंग असो की आणखी काही, एका तळ्यात एक वास फार चालला की त्याची जादू ओसरते. सगळे स्ट्रॉबेरीच्या वासाच्या गोळ्या टाकत असतील, तर तो वास म्हणजे माशांसाठी धोक्याची पाटी. अशा वेळी सगळ्यात साधा पदार्थ चालून जातो. पावाच्या कडेचा तुकडा पाण्यावर तरंगत ठेवायचा आणि गप्प बसायचं. गप्प म्हणजे खरंच गप्प. कार्पची हवेची पिशवी बारीक हाडांच्या साखळीने कानाला जोडलेली असते, त्यामुळे त्याला फार चांगलं ऐकू येतं. काठावर आपटलेला बूट, खडीवर ठोकलेली खुंटी, सगळं तिकडे पोचतं. रिचर्ड वॉकर यांनी 1952 मध्ये रेडमायर नावाच्या छोट्या तळ्यातून 44 पौंडांचा कार्प काढला, तो रात्रीच्या अंधारात. तो मासा नंतर लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहायला ठेवला होता. मासा लागला की वाजणारं विजेवरचं यंत्रही वॉकर यांनीच घडवलं. आता प्रत्येक काठीखाली ते असतं. आजोबांचं यंत्र वाजलं की अख्ख्या तळ्याला कळतं, मग माशांना ऐकू येत नाही म्हणणार का?

दुसरी भानगड तंगुसाची. पाण्यात तिरका ताणलेला तंगूस पोहणाऱ्या माशाच्या अंगाला घासतो आणि मासा भडकून पळतो. म्हणून काठीपासून थोड्या अंतरावर तंगुसावर छोटं शिसं सोडून तो तळाला बसवतात आणि वर ताण सैल ठेवतात. आणि टाकायचं कुठे? नवा माणूस सगळा जोर लावून गळ तळ्याच्या मध्यावर फेकतो. समोरच्या काठावर बसलेलाही मध्यावरच फेकतो. मध्ये शिशांचा पाऊस, आणि मासे कुठे? दोघांच्या पायांखाली, काठाच्या कपारीत. ही गोष्ट बाबांनी दुसऱ्या दिवशीच हेरली. “एवढी महागाची काठी कशाला? वाकून सोड की खाली.” वाकून सोडला आणि तासाभरात साडेचार किलोचा लागला. बाबांनी गादी भिजवली, औषध स्वतः लावलं आणि सोडताना त्याच्या पाठीवर थोपटलंसुद्धा. फोटोत त्यांचा चेहरा माशापेक्षा जास्त चकित दिसतो.

या तळ्यात आणखी एक आहे. शेपटीचा वरचा भाग तुटलेला, काळपट, मोठा. दोन वर्षांत तो कुणालाही लागलेला नाही. ना हिंगाला, ना चण्याला, ना पावाला. आजोबांच्या मते त्याला आता सगळंच कळतं. गळ, केस, शिसं, चष्मा लावून पालथा पडलेला मीसुद्धा. तो नैसर्गिक अन्नावर निवांत जगतो आणि आमच्या खाऊकडे पाठ फिरवतो, अशी त्यांची खात्री आहे. मी हे फोनवर बाबांना सांगितलं.

“दोन वर्षं कुणाला लागला नाही?”

“नाही.”

“मेला असेल.”

“बाबा, आजोबांनी ऑक्टोबरात पाहिला त्याला. पाण्यावर पाठ काढली होती.”

“त्यांचं वय काय?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“मग हिवाळ्यात चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हणावं,” बाबा म्हणाले, “आणि पुढच्या वेळी हिंग जरा कमी घाला. मागच्या वेळी जास्त झाला होता.”