लिस्बन ते हेलसिंकी: विमान पावणेपाच तासांचं, तिकीट पावणेसात तासांचं

सकाळी 11ला लिस्बनहून निघायचं आणि संध्याकाळी 5.45ला हेलसिंकीत उतरायचं. तिकिटावरच्या या वेळांची वजाबाकी करून पावणेसात तास धरू नका, हवेत जातात ते साधारण पावणेपाचच. फिनलंडचं घड्याळ बारमाही पोर्तुगालच्या दोन तास पुढे असतं. परतताना सकाळी 8ला निघून 11ला लिस्बन, म्हणजे कागदावर तीन तास, बसून काढायचे पाच. येताना थोडा वेळ जास्त लागतो, कारण उंचावरचे पश्चिमी वारे जाताना पाठीशी असतात आणि येताना समोरून.

हवाई अंतर सुमारे 3,365 किलोमीटर, मुंबई-कोलकात्याच्या दुप्पट. सरळ मार्ग स्पेन, बिस्केचा उपसागर, फ्रान्स करत जातो आणि त्याचा मध्य जवळजवळ ब्रुसेल्सवर येतो. त्यामुळे ब्रुसेल्सला विमान बदललं तरी अंतर फारसं वाढत नाही. फ्रँकफर्टमार्गेही जेमतेम चाळीसेक किलोमीटर जास्त पडतात. वेळ खातं ते दोनदा उतरणं-चढणं आणि मधलं थांबणं. थेट विमान रोज मिळेलच असं नाही, तेव्हा मी या दोन्हींपैकी एक बिनदिक्कत घेईन.

इस्तंबूलमार्गे मात्र नाही, तिकीट कितीही स्वस्त दिसो. एक तर अंतर सुमारे 5,350 किलोमीटरवर जातं. दुसरं, आणि भारतीय पासपोर्टवाल्यांनी हे डोळ्यांत तेल घालून बघावं: पोर्तुगाल आणि फिनलंड दोन्ही शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहेत, तुर्कस्तान आणि ब्रिटन नाहीत. इस्तंबूल किंवा लंडनचं विमान पकडलंत की लिस्बनलाच तुमची शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते, मग मधे विमानतळाबाहेर पाऊल टाका किंवा टाकू नका. व्हिसावर एंट्रीच्या रकान्यात 01 असेल तर ती एंट्री तिथेच संपते आणि हेलसिंकीत आत घेत नाहीत. तिथे MULT, म्हणजे अनेकदा प्रवेश, असं असेल तर शेंगेनमध्ये परत येता येतं. तिकीट काढणारी संकेतस्थळं हे विचारत नाहीत, फक्त किंमत दाखवतात, याचा मला खरंच राग येतो. व्हिसाचं पान उघडून समोर ठेवा, मगच पैसे भरा.

लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे, मेट्रोची लाल लाईन थेट टर्मिनल 1ला येते. स्वस्त कंपन्यांची बरीच विमानं टर्मिनल 2वरून सुटतात. तिथे मेट्रो नाही, टर्मिनल 1हून फुकट बस घ्यावी लागते, त्यासाठी वीस मिनिटं जास्तीची ठेवा.

हेलसिंकीत I किंवा P गाडी अर्ध्या तासात मध्यवर्ती स्थानकावर सोडते. तिकीट ABC झोनचं काढा. विमानतळ C मध्ये येतो, AB चालत नाही आणि तपासनीस गाठतात. डिसेंबरात तिथे दुपारी सव्वातीनच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे 5.45ला उतराल तेव्हा मिट्ट काळोख असेल. स्वेटर आणि टोपी हातातल्या बॅगेत वर ठेवा.