कोपराचा पीळ

पार्किंगमधलं सुतारकाम संपतं तेव्हा बहुधा उजेडही संपत आलेला असतो. डास सुरू झालेले असतात, स्वयंपाकघराच्या खिडकीतून जेवणाची दुसरी हाक येऊन गेलेली असते आणि पायाशी भुशात लोळत असते तीस मीटरची पिवळी वायर. अशा वेळी माणूस जे करतो तेच मी वर्षानुवर्षं केलं. डावा हात काटकोनात धरायचा, अंगठ्याच्या बेचक्यातून कोपराखाली, कोपराखालून पुन्हा बेचक्यात, असे झपाझप वेढे घ्यायचे, उरलेलं टोक मधोमध करकचून आवळायचं आणि ते भेंडोळं जिन्याखालच्या 'कारखान्यात' खिळ्याला अडकवायचं. कारखाना हा शब्द आईचा. तिथे एक टेबल, एक व्हाइस आणि सोसायटीची तोंडी परवानगी एवढंच आहे.

कोपरावरची ही गुंडाळणीही आईचीच. कपडे वाळत घालायची दोरी ती अशीच गुंडाळायची. दोरी बिचारी सोसते. वायर मात्र सगळं लक्षात ठेवते. पुढच्या रविवारी सोडायला जावं तर स्प्रिंगसारखी उसळते, हिसडा दिला की मधेच अढी पडते, आणि ग्राइंडर हातात धरून आपण वायरीशी भांडत उभे.

माझं हे कसब एका गणपतीत उघडं पडलं. विसर्जनानंतर मंडपाच्या लायटिंगवाल्याला मदत म्हणून मी मोठ्या तोऱ्यात एक वायर कोपरावर घ्यायला लागलो. विशीतलं पोरगं. चार वेढे त्यानं मुकाट पाहिले. मग म्हणाला, "काका, बकरीचं दावं गुंडाळताय काय?" वायर माझ्या हातातून काढून घेऊन त्यानं ती आधी फरशीवर लांब पसरली आणि मला धडा दिला.

हात जागेवर ठेवून वायर त्याभोवती फिरवली की दर वेढ्यागणिक तिला एक अख्खा पीळ बसतो. कोपराचा एक वेढा साधारण नव्वद सेंटिमीटरचा. म्हणजे माझ्या तीस मीटरमध्ये तीस-बत्तीस पीळ, तेही दर रविवारी. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर जळण्याआधीचीच गोष्ट. त्या पोराची पद्धत विणकामातली निघाली: एक सुलट, एक उलट. पहिला वेढा नेहमीसारखा. दुसऱ्या वेळी मनगट वळवून, अंगठा खाली करून वायर पकडायची आणि हात सरळ करत वेढा असा आणायचा की पुढची वायर त्याच्या आतल्या बाजूनं निघेल. पहिल्यानं घातलेला पीळ दुसरा काढून घेतो. वेढेही हातभर मोठे, सैल, वायरीच्या मर्जीनं पडलेले. सोडताना एक टोक धरून टाकलं की वायर सापासारखी सरळ पसरते. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी ती तीनदा गुंडाळून तीनदा फेकली. बायकोनं खिडकीतून पाहिलं आणि काही न बोलता खिडकी लावून घेतली.

या पद्धतीत एक खोच आहे, ती त्या पोरानं सांगितली नव्हती. टोक चुकून वेढ्यांच्या मधून ओवलं गेलं, की ओढताना प्रत्येक उलट्या वेढ्याची एकेक गाठ होते. मी शेजाऱ्यांना कौतुकानं दाखवायला गेलो आणि हातात बारा-पंधरा गाठींची माळ आली.

गाठींना तसंही निमित्त लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या रेमर आणि स्मिथ या दोघांनी दोरी डब्यात टाकून तो डबा गरागरा फिरवला, एकदा-दोनदा नव्हे, 3,415 वेळा. काही सेकंदांतच गाठी पडतात आणि दोरी जितकी लांब तितकी शक्यता जास्त, असं त्यांनी 2007 मध्ये छापलं. 2008 मध्ये त्यांना त्याबद्दल इग नोबेल मिळालं. हसवणारं बक्षीस आहे ते, पण माझ्या खणातल्या चार्जरांकडे पाहिलं की मला हसू येत नाही.

मधे रीळही आणून पाहिलं. पीळ बसत नाही, दिसतंही देखणं. पण हवी तेवढीच वायर बाहेर काढून बाकीची रिळावर ठेवायचा मोह होतो, आणि तिथेच घोळ आहे. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तीस मीटर वायरीवर दोन हजार वॅटचा चॉप सॉ, म्हणजे कापायची विजेची करवत, चालवला तर वायरीतच साधारण साठ वॅट उष्णता होते. पसरलेल्या वायरीला ती जाणवतही नाही. रिळावर मात्र साठचा जुना बल्ब गोधडीत गुंडाळून ठेवल्यासारखं. एक शेजारी म्हणतात, वेटोळ्याचा चुंबक होतो म्हणून वायर तापते. तसं नाही. जाणारा आणि परतणारा प्रवाह एकाच वायरीत शेजारी शेजारी असतात, त्यांचे परिणाम एकमेकांना खोडतात. वायर तापते ती साध्या रोधामुळे, आणि आतली ऊब बाहेर पडत नाही म्हणून. त्यांना अजून पटलेलं नाही.

खिळा काढून टाकला. बारीक खिळ्यावर वायर रोज त्याच जागी मोडते आणि आतल्या तारा एकेक करून तुटतात. मग ड्रिल फक्त वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच चालतं. आता भिंतीला चार इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे ठोकलेत आणि बांधायला सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या चकत्या. भेंडोळी ओळीनं लटकतात. पाहुण्यांना दाखवतो. ते चहाची वाट बघतात.

दिवाळीत चुंबकवाले शेजारी आकाशकंदिलासाठी वायर घेऊन गेले. तुळशीच्या लग्नानंतर परत आणली, आठवणीनं, पुसून. कोपरावर घट्ट गुंडाळलेली, शेवटचे दोन वेढे मधोमध आवळलेले. "अगदी नीट बांधून आणलीय हो," म्हणाले. मी म्हटलं, "वा! राहू द्या तिथे."

त्यांचं दार लागेपर्यंत थांबलो. मग पार्किंगमधला दिवा लावला, गाठ सोडली आणि वायर फरशीवर लांब पसरली. हात सोडला तशी ती हळूच हलली, आणि फरशीवर पुन्हा एकेक कोपराएवढं वळण घेऊ लागली.